पोटाचा घेर आणि अन्ननलिकेचा कर्करोग

एखाद्याला खाल्लेलें अन्न अंगीं लागलें असें आपण म्हणतों, तेव्हां त्या म्हणण्यांत कौतुक असतें. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटीं राहिलेल्या समाजांत तें साहजिकच आहे. परंतु अन्न अंगीं लागलें म्हणजे नेमकें कोठें लागलें, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. आणि आजच्या माझ्या विषयाचें मर्म याच प्रश्नांत आहे. शरीरांतील मेद आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांचा संबंध काय, हा तो विषय. प्रथमदर्शनीं ही जोडी विजोड वाटते. लठ्ठपणामुळें मधुमेह जडतो, हृदयावर ताण पडतो, गुडघे दुखतात, एवढें आतां सर्वश्रुत झालें आहे. पण घशाखालच्या नळीचें आणि पोटावरच्या चरबीचें नातें काय? नातें आहे, आणि तें पुष्कळसें उलगडलेंही आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था फ्रान्समधील लियों शहरीं आहे. तिनें सन २०१६ मध्यें तज्ज्ञांची बैठक भरवून तोंवरचा सर्व पुरावा तपासला, आणि शरीरांतील जादा मेद टाळल्यास तेरा प्रकारच्या कर्करोगांचा धोका कमी होतो, असा निर्णय दिला. त्या तेरांमध्यें अन्ननलिकेच्या कर्करोगाचा एक प्रकार आहे. ‘एक प्रकार’ हे शब्द श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावे. कारण दुसरा प्रकार या नियमांत बसत नाहीं, आणि आपल्या देशांत तोच अधिक आढळतो.

आधीं या नळीची रचना सांगतों. अन्ननलिका ही सुमारें २५ सेंटिमीटर लांबीची, स्नायूंची बनलेली पोकळ नळी आहे. घशापासून निघून ती छातींतून श्वासनलिकेच्या मागच्या अंगानें खालीं उतरते, छाती व पोट यांना विभागणाऱ्या श्वासपटलांतील एका भोंकांतून पोटांत शिरते, आणि लागलीच जठराला मिळते. तिच्या आंतील अस्तर चपट्या पेशींच्या अनेक थरांचें असतें. आपल्या गालाच्या आंतली बाजू जशी, जवळजवळ तसेंच. येणाऱ्याजाणाऱ्या घांसाचें घर्षण सोसावें, एवढ्यासाठीं तें बनलेलें आहे. जठराचें अस्तर निराळ्या जातीचें. तेथील पेशी उभट असून स्राव करणाऱ्या असतात, आणि त्यांच्यावरील चिकट लेपामुळें जठरांतलें हायड्रोक्लोरिक आम्ल त्यांना बाधत नाहीं. तेंच आम्ल अन्ननलिकेच्या चपट्या पेशींवर वारंवार पडलें, तर त्या पोळून निघतात. म्हणून दोहोंच्या संगमावर निसर्गानें स्नायूंचें एक कडें बसविलें आहे. घांस उतरतांना तें सैल होतें, एरवीं आवळलेलें राहतें. श्वासपटलाच्या स्नायूंचा वेढाही नेमका त्याच जागीं पडत असल्यामुळें या दाराला दुहेरी अडसर मिळतो.

आतां या नळीच्या कर्करोगांकडे वळूं. पहिला प्रकार चपट्या पेशींचा. वैद्यकांत त्याला स्क्वेमस कार्सिनोमा म्हणतात. तो बहुधा नळीच्या वरच्या किंवा मधल्या भागांत होतो. दुसरा ग्रंथिल पेशींचा, म्हणजे अॅडिनोकार्सिनोमा. तो खालच्या टोंकाशीं, जठराच्या उंबरठ्यावर होतो. एकाच नळींत होतात, एवढेंच काय तें दोघांचें नातें. आपल्या देशांत दरवर्षीं अन्ननलिकेच्या कर्करोगाचे ६० ते ७० हजार नवे रोगी होतात, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्य पहिल्या प्रकारचे असतात. त्याचीं कारणें आपल्या परिचयाचीं आहेत : विडी-सिगारेट, चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, सुपारी, गुटखा आणि दारू. गुटख्यावर महाराष्ट्र सरकारनें सन २०१२ मध्यें बंदी घातली. त्याच्या रिकाम्या पुड्या मात्र रस्त्याच्या कडेला अजून सांपडतात, हें ज्याचें त्यानें पाहून घ्यावें. चहा कढत पिण्याची ज्यांना प्रौढी वाटते त्यांच्यासाठींही एक गोष्ट सांगून ठेवतों. ६५ अंश सेंटिग्रेडहून अधिक उष्ण पेय याच नळीला बहुधा कर्करोगकारक ठरतें, असें उपर्युक्त संस्थेनें सन २०१६ मध्येंच जाहीर केलें आहे.

या पहिल्या प्रकाराशीं मेदाचा संबंध पाहूं गेल्यास तो उलटाच दिसतो. तो कृश माणसांत अधिक आढळतो. यावरून कोणी स्थूल गृहस्थानें समाधान मानूं नये, आणि कोणी कृश गृहस्थानें घाबरूं नये. तंबाखूनें भूक मरते, दारूनें आहार बिघडतो, गरिबींत फळें-भाज्या मिळत नाहींत. ज्या कारणांनीं हा रोग होतो त्याच कारणांनीं माणूस वाळतोही. कृशता येथें रोगाची जननी नसून शेजारीण आहे. हिशेबाच्या वहींत दोन रकमा शेजारीं लिहिलेल्या दिसल्या म्हणून एक दुसरीचें व्याज होत नाहीं.

दुसऱ्या प्रकाराची गोष्ट अगदीं वेगळी. तेथें मेद नुसता शेजारीं बसलेला नाहीं, तो काम करतांना पकडला गेला आहे.

हें काम समजण्यासाठीं थोडें अंकगणित करावें लागेल. शाळामास्तराला त्याचा कंटाळा नसतो. शरीराचा स्थूलपणा मोजण्यासाठीं किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागतात. ही कल्पना बेल्जियममधील गणिती केतले यांची, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतली. उदाहरणार्थ, उंची १६५ सेंटिमीटर व वजन ६८ किलो असेल, तर १.६५ चा वर्ग २.७२ आणि भागाकार २५. हा झाला त्या माणसाचा देहभार-निर्देशांक. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून सन २००८ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत एक मोठा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसलें कीं, हा आंकडा ५ नें वाढला म्हणजे अन्ननलिकेच्या अॅडिनोकार्सिनोमाचा धोका पुरुषांत व स्त्रियांत सारखाच, सुमारें दीडपट होतो. आपल्या १६५ सेंटिमीटरच्या गृहस्थाच्या बाबतींत ५ म्हणजे साडेतेरा किलो. आणखी ५ नें वाढला तर दीडाच्या दीडपट, म्हणजे सव्वादोनपट. ज्यांचा आंकडा ४० च्या वर जातो अशा अतिस्थूल माणसांत हा धोका प्रमाणशीर वजनाच्या माणसांच्या जवळजवळ पांचपट असतो.

हें घडतें कसें? दोन वाटांनीं. पहिली वाट सरळ यंत्रशास्त्राची आहे. मेद दोन ठिकाणीं सांठतो : त्वचेखालीं, आणि पोटाच्या पोकळींत आंतड्यांभोंवतीं. त्वचेखालचा मेद बोटांच्या चिमटींत धरतां येतो. आंतला येत नाहीं. हा आंतला मेद वाढला कीं पोटाच्या पोकळींतील दाब वाढतो, जठर खालून वर रेटलें जातें, आणि संगमावरच्या कड्यावर रात्रंदिवस भार पडतो. गोणींत मावेल त्याहून अधिक धान्य कोंबलें म्हणजे तोंडाची दोरी जशी सुटूं पाहते, तसाच हा प्रकार. कांहींजणांत श्वासपटलाचें भोंक रुंदावून जठराचा वरचा भाग छातींत सरकतो. मग दुहेरी अडसर एकेरी होतो आणि आम्ल वर चढूं लागतें. जेवणानंतर छातीच्या मध्यभागीं जळजळतें, आंबट पाणी तोंडाशीं येतें, आडवें पडल्यावर घसा खवखवतो. आपण याला ‘अॅसिडिटी’ असें एक सोयीचें नांव देऊन मोकळे होतों.

अन्ननलिकेचें खालचें अस्तर वर्षानुवर्षें असें पोळत राहिलें, तर कांहीं माणसांत शरीर एक विलक्षण तडजोड करतें. चपट्या पेशींच्या जागीं, आम्ल सोसूं शकणाऱ्या उभट, ग्रंथिल पेशी उगवतात. आंतड्याच्या अस्तराशीं त्यांचें साम्य असतें. दुर्बिणींतून पाहिल्यास फिकट अस्तरावर लालसर डाग चढलेला दिसतो. लंडनचे शस्त्रवैद्य नॉर्मन बॅरेट यांनीं सन १९५० मध्यें या स्थितीकडे लक्ष वेधलें, म्हणून तिला बॅरेटची अन्ननलिका म्हणतात. गमतीची गोष्ट अशी कीं, ही मुळीं अन्ननलिकाच नव्हे, छातींत ओढलें गेलेलें जठर आहे, असें बॅरेट यांचें तेव्हां म्हणणें होतें. दुसऱ्या संशोधकांनीं तें खोडून काढलें, १९५७ मध्यें बॅरेट यांनींही तें मान्य केलें, आणि नांव मात्र त्यांचेंच राहिलें. तर ही तडजोड वेदनेच्या दृष्टीनें सोयीची असते. डाग चढल्यावर जळजळ पुष्कळदां कमीच होते. पण परक्या भूमींत उगवलेल्या या पेशींची वाढ अधूनमधून बेबंद होते, आणि त्यांतून अॅडिनोकार्सिनोमा जन्मतो. स्वीडनमधील संशोधकांनीं सन १९९९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, आठवड्यांतून निदान एकदां जळजळ होणाऱ्यांना या कर्करोगाचा धोका इतरांच्या साडेसातपटींहून अधिक आढळला. वीस वर्षांहून अधिक काळ तीव्र त्रास असलेल्यांत तो ४३ पटींवर गेला. चपट्या पेशींच्या कर्करोगाशीं मात्र जळजळीचा कांहीं संबंध दिसला नाहीं. दोन रोग निराळे आहेत, याची ही आणखी एक साक्ष.

दुसरी वाट रसायनांची. मेद म्हणजे कोठारांत पडून राहिलेलें तूप, अशी आपली जुनी समजूत. ती सोडावी लागली आहे. मेदाच्या पेशी रक्तांत नाना संदेशद्रव्यें सोडतात. त्यांतील लेप्टिन या द्रव्याचा शोध सन १९९४ मध्यें लागला. मेद वाढतो तसें लेप्टिन वाढतें, इन्शुलिन वाढतें, अंगांत सौम्य पण न थांबणारा दाह राहतो. आणि पेशींना आवर घालणारें अॅडिपोनेक्टिन नांवाचें द्रव्य घटतें. वाढा, विभागा आणि मरूं नका, असा हुकूम पेशींना जणूं सर्व बाजूंनीं मिळत राहतो. या कामांत त्वचेखालच्या मेदापेक्षां पोटाच्या आंतला मेद अधिक उत्साही असतो. पुरुषांचा मेद बहुधा पोटांत आणि स्त्रियांचा नितंब-मांड्यांवर सांठतो. हा कर्करोग पुरुषांत कित्येक पटींनीं अधिक कां, याच्या उत्तराचा एक भाग येथें असावा.

अमेरिकेंत सन १९७५ मध्यें दर दहा लाख लोकांमागें या कर्करोगाचे ४ रोगी होते, ते सन २००१ मध्यें २३ झाले. एका पिढींत जवळजवळ सहापट! आपल्याकडे अशी उसळी दिसलेली नाहीं. त्याचीं जीं कारणें सुचविलीं जातात त्यांत एक मोठें मासलेवाईक आहे. आपल्या लोकांच्या जठरांत हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाचा जंतु फार प्रमाणांत वस्ती करून असतो. तो जठराला व्रण करतो, जठराचा कर्करोगही घडवितो. पण पुष्कळांत तो जठरांतलें आम्ल कमी करीत असल्यामुळें वरच्या नळीचें रक्षण होतें. स्वच्छता वाढली कीं हा दुष्ट पाहुणा जातो, आणि त्याच सुमारास पोटें वाढूं लागतात.

पोटें वाढूं लागलीं आहेत, यांत शंका नाहीं. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, देशांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २४ आणि पुरुषांपैकीं शेंकडा सुमारें २३ जणांचा निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक भरला. परंतु हा आंकडाही आपली खरी स्थिति सांगत नाहीं, आणि तें पुण्याच्या एका डॉक्टरांनीं फार चटकदार रीतीनें दाखवून दिलें आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मित्र. दोघांचा निर्देशांक तंतोतंत एकच : २२.३. तराजूच्या दृष्टीनें दोघेही सडपातळ. पण क्ष-किरणांच्या विशेष यंत्रानें त्यांच्या शरीरांतील मेद मोजला, तेव्हां युडकिन यांचा शेंकडा ९.१ निघाला आणि याज्ञिकांचा शेंकडा २१.२, म्हणजे दुपटीहून अधिक! सन २००४ मध्यें ‘लॅन्सेट’नें दोघांचें छायाचित्र या आंकड्यांसह छापलें, आणि दोघांच्या आडनांवांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून त्याला ‘वाय-वाय विरोधाभास’ हें नांव पडलें. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांची पाहणी सन १९९३ पासून केली आहे. तेथील पूर्ण दिवसांचीं बालकें सरासरी २.७ किलो वजनाचीं, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं ३.५ किलोंचीं. मराठी बाळ हाडापेरानें व स्नायूंनीं पुष्कळच लहान; पाठीवरच्या कातडीखालील मेद मात्र त्या मानानें राखलेला. बारीक दिसणारें आणि तरीही मेदयुक्त, असें हें शरीर आपण पाळण्यापासूनच घेऊन येतों.

याज्ञिकांचें संशोधन मधुमेहाविषयींचें आहे, कर्करोगाविषयींचें नव्हे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु इतर देशांतील पाहण्यांत असें आढळलें आहे कीं, निर्देशांक सारखा असतांही ज्यांच्या पोटाचा घेर मोठा, त्यांच्यांत बॅरेटचा डाग व पुढचा कर्करोग अधिक. हीं दोन विधानें शेजारीं ठेवलीं म्हणजे माझें म्हणणें ध्यानांत येईल : आपल्या माणसाला तराजूपेक्षां शिंप्याची फीत अधिक खरें सांगते. भारतीय तज्ज्ञांनीं सन २००९ मध्यें आपल्यासाठीं मर्यादा खालीं आणल्या, त्या याच विचारानें. २३ च्या वर जादा वजन, २५ पासून स्थूलता. आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर, यापुढें धोका. फीत शेवटची बरगडी व कमरेचें हाड यांच्या मधोमध, उभें राहून, श्वास सोडल्यावर लावावी. पोट आंत ओढून मोजणारे गृहस्थ फक्त फितीला फसवितात.

आतां घरच्या गोष्टी. आमचें कामोठें सिडकोच्या वसाहतींपैकीं एक. येथला नोकरदार मानसरोवर स्थानकावर सकाळची लोकल धरतो आणि मुंबईंत दिवस काढून रात्रीं परततो. दिवसभर बैठक, येतांना स्थानकाबाहेरचा वडापाव, दहा वाजतां भरपेट जेवण आणि अकराला अंथरूण. भरलेलें जठर घेऊन आडवें पडलें कीं आम्लाला चढण उरत नाहीं, सपाट रस्ता मिळतो. निजण्याच्या तीन तास आधीं जेवण आटोपणें, ही आजीबाईची दिवेलागणीची पंगत वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. पण लोकलच्या वेळापत्रकाला ती मान्य नाहीं. अशा गृहस्थानें निदान जड खाणें स्थानकाच्या वेळेला नव्हे, दुपारीं करावें, रात्रीं थोडक्यांत भागवावें, पलंगाच्या उशाकडील पायांखालीं विटा घालाव्या, आणि कमरेचा पट्टा सैल ठेवावा. वजन घटविल्यानें आम्लाचें वर चढणें कमी होतें, हें पाहण्यांनीं सिद्ध झालें आहे. प्रत्येक घरच्या फडताळांत असणाऱ्या गोळीनें किंवा फसफसणाऱ्या पुडीनें जळजळ शमते, पण पोटांतला दाब तसाच राहतो.

ज्यांना जळजळ होते त्या सर्वांना कर्करोग होईल, असा अर्थ मात्र कोणी काढूं नये. त्यांतील फारच थोड्यांना बॅरेटचा डाग चढतो, आणि डाग असलेल्या हजार माणसांत दरवर्षीं एक ते पांच जणांतच पुढें कर्करोग उद्भवतो. धोका कित्येक पटींनीं वाढला, तरी मुळांतली रक्कमच लहान असेल तर गुणाकारही लहान येतो. भीति कोणाला वाटावी, हें कळण्यासाठींच ही सारी आंकडेमोड.

सर्वांत मोठी अडचण अशी कीं, ही नळी ताणली जाणारी असल्यामुळें गांठ बरीच मोठी होईपर्यंत तक्रार करीत नाहीं. मग प्रथम भाकरीचा घांस अडतो व पाण्याच्या घोटानें उतरतो. माणूस म्हणतो, घाईनें खाल्लें. पुढें पोळी अडते, मग भात, आणि अखेर पेजसुद्धां. या अवधींत वजन झपाट्यानें उतरूं लागतें. आणि पूर्वींचा स्थूल मनुष्य बारीक झालेला पाहून शेजारीपाजारी त्याचें अभिनंदन करतात, तोही सुखावतो. खटपट न करतां उतरलेलें वजन हें पथ्याचें फळ नव्हे. पन्नाशीच्या पुढें असें वजन उतरलें, किंवा घांस अडूं लागला, मग माणूस लठ्ठ असो वा किडकिडीत, एक आठवडाही न दवडतां दुर्बिणीची तपासणी करावी. ती कांहीं मिनिटांची असते. यासाठीं आतां परळपर्यंत जाण्याचेंही कारण उरलेलें नाहीं. वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय कामोठ्यांतच आहे, आणि सन १९४१ मध्यें परळला सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या संस्थेचें संशोधन व उपचार केंद्र शेजारच्या खारघरला आहे.

आणि ज्यांना घांस अडत नाहीं, पण पांच वर्षांहून अधिक काळ आठवड्याला जळजळ होते, वय पन्नाशीपुढें आहे, कमरेचा घेर मर्यादेबाहेर आहे, शिवाय धूम्रपानही आहे, अशा पुरुषांनीं पुढची गोळी घेण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांना या डागाविषयीं विचारावें. डाग सांपडला आणि त्यांतील पेशी बिघडूं लागलेल्या दिसल्या, तर छाती न उघडतां, दुर्बिणीच्या नळींतूनच तो कापून किंवा जाळून काढतां येतो. त्यानंतर त्या जागीं बहुधा पुन्हां चपट्या पेशींचें मूळचें अस्तर भरून येतें.